दौरा, तबकडी आणि शाळा : दरबार सुटलेल्या गवयाचा हिशेब (दीर्घ धागा)

१/
२७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून दक्षिणेकडे निघालेल्या आगगाडीत एका प्रवाशाच्या छातीत कळ येऊ लागते. चिंगलपट्टूच्या अलीकडे सिंगपेरुमाळकोइल नावाचे छोटेसे स्थानक आहे. तिथे शिष्य त्याला खाली उतरवतात आणि फलाटावरच अंथरूण घालतात. वयाची पासष्टी गाठत आलेला तो गवई तंबोरा लावायला सांगतो आणि दरबारी कानड्याच्या सुरांत प्रार्थना म्हणत म्हणत डोळे मिटतो. शिष्यपरंपरेने जपलेली आठवण अशी आहे.

२/
तो गवई म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. मद्रासकडचे कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीला अरविंद आश्रमात निघाले होते. त्यांच्या मृत्यूची ही कथा बहुतेक वेळा भक्तिभावाने सांगितली जाते आणि तिथेच संपते. आपण मात्र एक साधा, व्यवहारी प्रश्न विचारू. एवढी कीर्ती लाभलेला कलावंत त्या वयातही मिरजेतल्या आपल्या घरापासून शेकडो मैल दूर, आगगाडीच्या डब्यात का होता? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आपल्या संगीताच्या अर्थकारणाचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

३/
खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. गायक-वादकांचेच हे घराणे. ‘किराणा घराणे’ या नावाचा वाण्याच्या दुकानाशी काही संबंध नाही. कैराना या गावनावाचेच ते बोलीतले रूप. गंमत अशी की, या घराण्याचे नाव उत्तरेतल्या गावाचे असले तरी ते वाढले, बहरले ते कृष्णा आणि तुंगभद्रेच्या खोऱ्यांत. ते तिथे कसे पोहोचले, हे समजून घ्यायचे तर आधी बडोद्याला जावे लागेल.

४/
एकोणिसाव्या शतकात गवयाच्या पोटापाण्याची खात्रीची जागा म्हणजे दरबार. संस्थानिकाच्या पदरी असलेल्या गवयाला वेतन मिळे, राहायला जागा मिळे, सणासमारंभाला पोशाख आणि मान मिळे. त्या बदल्यात तो हुकमाप्रमाणे गाई आणि परगावी गायला जायचे तर परवानगी मागे. तरुण अब्दुल करीम आपले बंधू अब्दुल हक यांच्यासह सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात आले ते याच व्यवस्थेत. तिथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. दोघांचे प्रेम जुळले. धर्म वेगळे, दर्जा वेगळा. दोघांनी बडोदा सोडले आणि ती मुंबईला आली.

५/
या प्रसंगाकडे प्रेमकथा म्हणून पाहिले जाते, आणि ती आहेच. पण हिशेबाच्या वहीत त्याची नोंद वेगळी होते. ऐन उमेदीत खाँसाहेबांचे ठरलेले वेतन एका दिवसात संपले. इथून पुढे चाळीस वर्षे खाँसाहेब कोणा एकाच दरबाराचे नोकर नव्हते. राजेरजवाड्यांकडे ते गायले, मानही घेतला. पण पोट चालले ते मुख्यतः फिरण्यावर. हिंदुस्थानी संगीतातले अनेक कलावंत पुढे ज्या स्थितीत जगले, तीत ते बऱ्याच जणांच्या आधी पोहोचले.

६/
अखेरीस त्यांनी मुक्कामासाठी मिरज निवडले. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यावरची श्रद्धा हे त्याचे सांगितले जाणारे कारण. पण नकाशा पाहिला की आणखी दोन कारणे दिसतात. मिरजेत तंबोरे आणि सतारी घडवणारे कारागीर होते. आणि मिरज हे रेल्वेचे जंक्शन होते. एक वाट पुण्याकडे, एक कोल्हापूरकडे, एक बेळगाव-हुबळीकडे. फिरतीवर जगणाऱ्या गवयाला घर हवे ते अशाच ठिकाणी, जिथून मराठी मुलूख आणि कानडी मुलूख दोन्ही सारख्याच अंतरावर असतील.

७/
पण दरबाराबाहेर गाण्याला पैसे मोजणार कोण? हा श्रोता तोवर तयार होत आला होता. १८८० पासून किर्लोस्कर मंडळी आणि तिच्यामागून निघालेल्या संगीत नाटक मंडळ्या गावोगाव फिरत होत्या. तिकीट काढून रात्रभर गाणे ऐकण्याची सवय त्यांनी वकील, मास्तर, कारकून, व्यापारी अशा मंडळींना लावली. १८९७ मध्ये विष्णु दिगंबर पलुसकरांनी राजकोटला तिकीट लावून जाहीर जलसा केला, तेव्हा शास्त्रीय गवयासाठीही ही वाट उघडली. खाँसाहेब याच वाटेने चालले.

८/
असा जलसा उभा करणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. तबलजी आणि सारंगिया बरोबर हवेत. दोन तंबोरे हवेत, आणि त्यांचे भोपळे आगगाडीच्या गर्दीत फुटू न देता न्यायचे. साथीला व सेवेला शिष्य. नाट्यगृहाचे भाडे, हस्तपत्रिका, दिवाबत्ती, सगळ्यांचे जेवणखाण. तिकिटे खपली तर हे सारे वजा जाऊन हाती काही उरणार. पाऊस लागला, साथीचा आजार आला किंवा गवयाचा घसाच बसला तर खर्च तेवढा ठरलेला. दरबारात हा धोका राजाचा होता. इथे तो गवयाच्या माथी आला.

९/
या भटकंतीने घेतले तसे दिलेही. म्हैसूर दरबारात खाँसाहेबांचे जाणे-येणे होते. तिथे आणि मद्रासकडे त्यांनी कर्नाटक संगीत जवळून ऐकले. त्यांच्या गाण्यातली सरगम, तिच्यातली लयीची ओढ, यांवर त्या श्रवणाची छाया आहे असे जाणकार मानतात. उत्तरेतल्या या उस्तादाने त्यागराजांची कृती ध्वनिमुद्रितही केली. दरबारातल्या एका गादीवर बसून हे घडले नसते.

१०/
शिष्यही याच वाटेवर भेटले. धारवाडजवळच्या कुंदगोळ गावी नाडगीरांचा वाडा आहे. दक्षिणेकडे जाता-येता खाँसाहेब तिथे मुक्काम करीत. त्याच गावच्या रामभाऊ नावाच्या मुलाला त्यांनी शिष्य केले. हे रामभाऊ कुंदगोळकर पुढे मराठी संगीत रंगभूमीवर गाजले आणि ‘सवाई गंधर्व’ झाले. हे नाव लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटी ते परत येणार आहे.

११/
आता तबकडीकडे वळू. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करीत होते आणि त्यांच्यासमोर गौहर जान गात होत्या. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे, त्या कंपनांनी मेणावर रेघ उमटायची. ती मेणतबकडी जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायची आणि तिथून लाखेच्या तबकड्या छापून परत यायच्या. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि हा धंदा इथे रुजला.

१२/
पुष्कळ उस्तादांना या यंत्राचे भय वाटे. आवाज एकदा त्यात गेला की गळ्यातून जाईल, किंवा घराण्याची चीज बाजारात विकली जाईल, असे त्यांना वाटे. खाँसाहेब त्यांतले नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांनी कर्ण्यासमोर गाऊन पाहिले. पण अडचण खरी होती. ज्या विलंबित ख्यालाला अर्धा-पाऊण तास लागे, तो सुमारे तीन मिनिटांत आटपायचा. बैठकीत राग हळूहळू उमलतो. इथे तो उमलायच्या आत सुई शेवटच्या वळ्यावर पोहोचते.

१३/
त्यानंतर बराच मोठा खंड पडलेला दिसतो. त्यांच्या प्रसिद्ध तबकड्या त्या १९३० च्या दशकातल्या, ओडियन कंपनीच्या. याचे एक कारण तंत्रात असावे असा माझा तर्क आहे. खाँसाहेबांचा आवाज बारीक, रेशमासारखा, मुलायम होता. कर्ण्याला हवा होता दणदणीत, फेकीचा आवाज. १९२५ नंतर विजेवर चालणारा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात आला आणि हळुवार स्वराचे बारकावेही पकडता येऊ लागले. यंत्र त्यांच्या गळ्यापर्यंत येईतो खाँसाहेब साठीचे झाले होते.

१४/
तबकडी हातात आल्यावर त्यांनी तीन मिनिटांची कला शिकून घेतली. वसंत, शुद्ध कल्याण, झिंझोटी, भैरवी अशा रागांतल्या त्यांच्या तबकड्या ऐका. बैठकीचा तुकडा कापून दिल्यासारखे कुठे वाटत नाही. प्रत्येक तबकडी आपल्यापुरती पूर्ण आहे. ‘मानापमान’मधली पदेही त्यांनी गायली, कारण मराठी श्रोत्याच्या मनात कोणते सूर घर करून बसले आहेत, हे गावोगावच्या जलशांनी त्यांना शिकवले होते. दौऱ्यात कळलेली श्रोत्यांची आवड तबकडीत उतरली आणि तबकडीने झालेले नाव पुढच्या दौऱ्याला उपयोगी पडले.

१५/
मग हा पैसा गेला कुठे? १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. पुढे मुंबईतही त्याची शाखा निघाली आणि शेवटी मिरज. ही फी भरून तासाला येण्याची शाळा नव्हती. विद्यार्थी गुरूजवळ राहत, जेवत, शिकत. त्या खर्चाचा मुख्य आधार खाँसाहेबांचे जलसे हाच होता. विद्यार्थीही जलशांत गात आणि त्यातून शाळेची ओळख होई. खाँसाहेबांच्या ‘टिपूमियाँ’ नावाच्या कुत्र्यालाही सुरात सूर मिळवायला शिकवले होते आणि तो जलशात हजेरी लावी, अशी कथा त्यांच्या चरित्रात येते. श्रोत्यांना दारापर्यंत आणायला काय काय करावे लागे, याची ती खूण आहे.

१६/
या मांडणीत एक मूलभूत दोष होता. गुरू दौऱ्यावर गेला नाही तर शाळेला पैसा नाही, आणि गुरू दौऱ्यावर गेला तर शाळेत गुरू नाही. हा दोष एकट्या खाँसाहेबांच्या वाट्याचा नव्हता. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय उभारले, इमारतीसाठी कर्ज काढले आणि ते फेडण्यासाठी देशभर गात फिरले. तरीही १९२० च्या दशकात ती इमारत लिलावात गेली. दोघांनी राजाचा आश्रय नाकारून संगीताला लोकांत आणले. पण राजाच्या खजिन्याची जागा घ्यायला दोघांकडेही स्वतःच्या गळ्याखेरीज काही नव्हते.

१७/
घरालाही या जगण्याची किंमत मोजावी लागली. ताराबाईंनी खाँसाहेबांपासून वेगळे होण्याचा निर्णय घेतला आणि मुले त्यांच्याबरोबर गेली. त्या मुलांची नावे वाचा : सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर, कृष्णराव माने, सरस्वतीबाई राणे. महाराष्ट्राच्या संगीताचा एक अख्खा कालखंड या एका घरातून आला, पण एकाही नावापुढे ‘खाँ’ नाही. हिराबाईंची मुख्य तालीम झाली ती किराण्याचेच अब्दुल वहीद खाँ आणि थोरले बंधू सुरेशबाबू यांच्याकडे.

१८/
हिराबाईंपुढे वडिलांपुढचा प्रश्न तर होताच, शिवाय आणखी एक होता. त्या काळी लोकांसमोर गाणारी स्त्री म्हणजे कोण, याचे समाजाने ठरवलेले उत्तर अपमानाचे होते. १९२१ मध्ये सोळा वर्षांच्या हिराबाई मुंबईत पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत गायल्या. पुढे त्या तिकीट लावून जाहीर जलसे करू लागल्या. महाराष्ट्रात असे करणाऱ्या अगदी पहिल्या स्त्री गायिकांत त्यांची गणना होते. साधी साडी, निश्चल बैठक, कुठलेही हावभाव नाहीत, फक्त सूर. कुटुंबासह येऊन स्त्रीचे शास्त्रीय गाणे ऐकता येते, हे मध्यमवर्गाला त्यांनी कृतीने पटवले. त्यानंतरच्या प्रत्येक गायिकेचा रस्ता त्यामुळे सोपा झाला.

१९/
१९२९ च्या सुमारास या कुटुंबाने स्वतःची नाटक मंडळी काढली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करायच्या, हे तिचे वैशिष्ट्य. बालगंधर्वांच्या काळात हे धाडसच होते. पण वेळ चुकली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि नाटकाचा प्रेक्षक बोलपटाकडे वळला. मंडळी बुडाली, कर्ज मागे राहिले. ते फेडले हिराबाईंनी, गावोगावच्या जलशांतून आणि तबकड्यांतून. वडिलांच्या हिशेबाची वही मुलीने जणू पुढच्या पानावर चालू ठेवली.

२०/
आता ते राखून ठेवलेले नाव. खाँसाहेबांची एक तबकडी गदगच्या एका दुकानात वाजत होती. ती ऐकून एका शाळकरी मुलाला असे गाता आलेच पाहिजे असा ध्यास लागला आणि तो घर सोडून निघाला. खिशात पैसे नव्हते. आगगाडीत विनातिकीट बसायचे आणि प्रवाशांना गाणी ऐकवायची. गुरू शोधत तो थेट उत्तरेपर्यंत फिरला आणि शेवटी घराजवळच, कुंदगोळला, सवाई गंधर्वांच्या दारी येऊन थांबला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. खाँसाहेबांच्या बैठकीने सवाई गंधर्व घडवले आणि खाँसाहेबांच्या तबकडीने त्या सवाई गंधर्वांना शिष्य मिळवून दिला. तबकडी बैठकीचे काय करते, या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

२१/
भीमसेनजींनी फिरतीचा हा संसार अगदी टोकाला नेला. स्वतः मोटार हाकत रात्रीच्या रात्री प्रवास करायचा, उतरायचे आणि गायला बसायचे. पुढे विमानाने इतके हिंडू लागले की लोक त्यांना विनोदाने ‘हवाई गंधर्व’ म्हणत. तबकड्या, मग लाँग प्ले, मग कॅसेट, सगळ्यांतून त्यांचा आवाज घराघरांत गेला. पण या धाग्यापुरते त्यांचे सर्वांत मोठे काम वेगळेच आहे.

२२/
१९५२ मध्ये सवाई गंधर्व गेले. १९५३ पासून पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला आणि भीमसेनजी आयुष्यभर त्यामागे उभे राहिले. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही गुरुबंधू-भगिनींची मंडळी तिथे गाई. गुरुघरच्या हिराबाईंचाही या परंपरेला आधार होता. महोत्सव भरवणाऱ्या संस्थेचे नाव आर्य संगीत प्रसारक मंडळ. १९१३ च्या त्या विद्यालयाच्या नावातले ‘आर्य संगीत’ हे दोन शब्द इथे पुन्हा दिसतात.

२३/
खाँसाहेबांना न सुटलेले कोडे इथे बरेचसे सुटले. शाळेचा भार एका गळ्यावर होता. महोत्सवाचा भार अनेक कलावंत, एक कायम संस्था आणि दरवर्षी तिकीट काढून येणारे हजारो श्रोते, असा वाटला गेला. एक गवई आजारी पडला तर दुसरा गातो. संस्थापक गेला तरी उत्सव चालू राहतो. भीमसेनजी जानेवारी २०११ मध्ये गेले. महोत्सवाला आता गुरू आणि शिष्य, दोघांचेही नाव आहे आणि तो सुरूच आहे.

२४/
तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे. पासष्टीला आलेले खाँसाहेब त्या डब्यात होते, कारण बडोदा सोडल्या दिवसापासून त्यांचा दरबार त्यांनाच चालवावा लागला आणि त्या दरबाराचा खजिना दौऱ्यातच होता. तबकडीने त्यांचा आवाज जिथे ते स्वतः पोहोचले नसते तिथे पोहोचवला. दौऱ्याने भाकरी दिली, शिष्य दिले, दक्षिणेचे सूर दिले. आणि या दोन्हींतून आलेले त्यांनी पुन्हा गाण्याच्याच पदरात टाकले. घर, प्रकृती आणि विसावा यांच्या रकान्यात मात्र शेवटपर्यंत तूटच राहिली.

२५/
खाँसाहेबांना चिरविश्रांती मिळाली ती मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात. उरुसाच्या दिवसांत तिथे आजही त्यांच्या स्मरणार्थ गायक-वादक हजेरी लावतात. कधी मिरज जंक्शनवर गाडी बदलायची वेळ आली आणि हाताशी दोन तास असले, तर तिकडे जाऊन या. आणि त्यांची झिंझोटी फोनवर ऐकाल तेव्हा एवढे आठवा : ती तीन मिनिटे तुम्हाला फुकट मिळाली आहेत, पण ती गाणाऱ्याने त्यांचे मोल चाळीस वर्षांच्या प्रवासाने चुकते केले होते. या वर्षी गावातल्या एखाद्या बैठकीचे तिकीट काढलेत, तर त्या हिशेबात आपलीही एक नोंद होईल.

(धागा समाप्त)